पाचव्या दिवसाचा रंग

रामहरीचा चष्मा माकडिणीनं पळवला, तो त्याच्या नोकरीचा पहिलाच दिवस होता. पिंजऱ्यावरची 'राणी' ही पाटी वाचायला तो जरा वाकला, आणि गजांतून एक केसाळ हात सर्रकन बाहेर आला.

"ओरडू नका की! घाबरली तर मोडंल ती."

मागून एक धूसर आकृती पुढं झाली. तिनं ओंजळ उघडली. भाजलेल्या शेंगांचा वास आला. राणीनं क्षणभर विचार केला, चष्मा टाकला, शेंगा घेतल्या.

पदरानं पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढला, तेव्हा रामहरीला आधी दिसली तिची निळी नखं. मग हसरे डोळे.

"शाई सांडली का?"

"नीळ हाय. रंगाऱ्याची पोर मी, सुंदरम्मा. हितं काचेच्या नळ्या धुते." तिनं त्याला न्याहाळलं. "आमी रंग ओळखतो. तुमी काय ओळखता?"

"जंतू," तो ऐटीत म्हणाला.

"चष्म्याबिगर?"

त्याचे कान तापले...

सोलापुरातली ती प्रयोगशाळा लहानशी. एक डॉक्टर, सहा माकडं, त्यांना पोटच्या पोरांसारखी सांभाळणारे मौलाचाचा, आणि १९३४ साली नवा बी. एस्सी. झालेला रामहरी. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की सुंदरम्मा नळ्या घेऊन यायची आणि विचारायची, "आज काय नवीन?" तो सांगायचा. जुळ्या भावांसारखे दिसणारे जंतू साखरेवरून ओळखतात. एकाला एक साखर पचते, दुसऱ्याला नाही. पचली की आंबट होतं, आणि नळीतला निळा लिटमस लाल होतो.

"म्हंजे तुमीबी रंगारीच की!" ती म्हणाली. पदवीदानाच्या दिवशीही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

भाद्रपदात चार माकडांना आव झाली. तपासणीत मौलाचाचांच्या पोटातही आवेचा जंतू निघाला. त्यांना स्वतःला मात्र काही त्रास नव्हता. रामहरीनं पाची नमुन्यांतले जंतू दुधाच्या साखरेत घातले. अठ्ठेचाळीस तास झाले. पाची नळ्या निळ्याच. इथला रिवाज अठ्ठेचाळीस तासांचा. त्यानं अहवाल लिहिला — पाची ठिकाणी एकच जंतू, दुधाची साखर न पचवणारा फ्लेक्सनरचा. नळ्या धुवायला दिल्या.

डॉक्टरांनी अहवाल वाचला. म्हणजे रोग चाचांच्या हातून गेला. शनिवारपासून त्यांना रजा... कायमची.

चाचा पिंजऱ्याशी बसून होते. "मेरे हातां से बीमार पडे क्या बच्चे?" त्यांनी विचारलं. 

शनिवारी सकाळी सुंदरम्मानं त्याला खिडकीशी बोलावलं. उन्हात पाच नळ्या धरल्या होत्या.

"या... या तर धुवायच्या होत्या!"

"धुणार होते. पण त्या दिशी चारींचा निळा मला जरासा मेल्यागत वाटला. म्हणून परत उबेच्या पेटीत ठेवल्या. रंग चढत असंल तर पिळून टाकायचा नसतो, सायेब. टाकला तर नायना, माझे वडील, मारतील मला!"

रामहरीनं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. माकडांच्या चारी नळ्या लाल झाल्या होत्या. चाचांची एकटीच निळी... स्वच्छ निळी.

पुस्तकातली एक ओळ त्याला लख्ख आठवली. फ्लेक्सनरचा सख्खा शेजारी, सॉनचा जंतू. दुधाची साखर त्याला पचते, पण चार-पाच दिवसांनी. वाचलं होतं. थांबला मात्र नव्हता. माकडांचा जंतू वेगळा होता, चाचांचा वेगळा!

"आता?" तिनं विचारलं.

"आता डॉक्टरसाहेबांना सांगायचं, मी चुकीचं लिहिलं."

"नोकरी जाईल की."

"जाईल... कदाचित."

ती नुसती बघत राहिली — नळीकडं बघायची तशी.

डॉक्टरांनी दहा मिनिटं नळ्या उजेडात फिरवल्या. मग चाचांच्या नावाचं बडतर्फीचं पत्र फाडलं. चाचांनी पोट साफ होईपर्यंत बागेत काम करायचं, मग पुन्हा पिंजऱ्यांकडं. रामहरीनं सगळ्या नळ्या पुन्हा लावायच्या. या खेपेला दहा दिवस.

"आणि या ठेवल्या कुणी?"

"सुंदरम्मानं."

"सोमवारपासून त्यांना धुवायला देऊ नका," डॉक्टर म्हणाले, "बघायला द्या."

रामहरी जवळजवळ धावतच पिंजऱ्यांपाशी आला. वाट बघत असलेल्या सुंदरम्माला सगळं सांगून झालं, तरी तो तिथंच घुटमळला.

"सुंदरम्मा, मला... पहिल्याच दिवसापासून..."

"ठाऊक हाय. कान लाल हुत्यात तुमचे."

"मग बोलला का नाहीत?"

"कच्चा रंग पहिल्या धुण्यात जातो," ती खाली बघत म्हणाली. "थांबले."

"आणि आज?"

"आज डॉक्टरसायबांच्या खोलीत जाताना बघितलं तुमाला... पक्का वाटला." तिनं निळ्या बोटांनी पदराचं टोक पिळलं. "उद्या रविवार, घरी या. नायना उजेडात उभं करून बघतील, सांगून ठेवते."

तो तिच्याकडं असा काही बघत राहिला, की गजांतून हात आला आणि चष्मा गेला. राणीच होती.

शेंगा सुंदरम्माच्या पदराच्या गाठीत होत्या. पण ती गाठ सोडायची दोघांनाही घाई नव्हती.