गढीपुढचा चढ

परभणी जिल्हा म्हणजे थापलेल्या भाकरीसारखा सपाट, सायकलवाल्याची चैन. पण रंगनाथमास्तरानं वर्षभर सायकल हाणली ती चैनीखातर नव्हे. त्याच्या वडलांना, भगवानरावांना, ज्या ज्या गावात वरच्या आळीपुढं सायकलवरून उतरून पायी चालावं लागलं होतं, त्या प्रत्येक गावातून पाय न टेकता जायचं, असा त्यानं स्वतःशीच पण केला होता. पाथरीच्या शाळेला सुट्टी लागली की स्वारी निघाली. वेशीत शिरला की घंटी जरा जास्तच वाजवायचा. कुणी डोळे वटारले तर आणखी एक चक्कर मारायचा.

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात एकच जागा उरली. येलदरीकडच्या डोंगरातला, त्याच्या स्वतःच्या गावचा घाट. चढ सुरू होतो तिथंच गढी. रंगनाथ लहान असताना एका रात्री भगवानराव बाळंतपणात अडलेल्या बायकोला, रंगनाथच्या आईला सरजाबाईला, कॅरिअरवर बसवून जिंतूरच्या दवाखान्याला निघाले होते. गढीच्या मालकानं जाड वहाणा वाजवत बाहेर येऊन त्यांना उतरवलं. तिलाही उतरवलं. पोटातल्या लेकरासकट ती चढावरच गेली.

"दिवसा जा की," भगवानराव म्हणाले.

"तुमी रातचंच निघाले होते ना, दादा?"

"मी उतरलो, बाबा." म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"मी न्हाई उतरणार."

रात्री तो निघाला. गढीच्या दरवाज्यासमोर त्यानं घंटी इतकी बडवली की अंगठा दुखला. कुणी बाहेर आलं नाही. ओट्यावरचं कुत्रं उठलं, सायकलच्या मागं काहीतरी बघत राहिलं आणि न भुंकता आत गेलं. रंगनाथ मनात हसला. गढीची कुत्रीसुद्धा नरमली म्हणायची!

पहिल्या वळणानंतर सायकल जड झाली. पंक्चर असणार. त्यानं चालवता चालवताच मागं वाकून टायर चाचपलं. टणक होतं. चढ आहे, दिवसभराचा शीण आहे, असं म्हणून तो उभा राहून पायडल मारू लागला.

डायनॅमोचा दिवा चाक मंदावलं की मिणमिणतो. आता चाक जेमतेम फिरत होतं आणि दिवा मात्र लख्ख होता. करडीच्या तेलाचा वास आला, नुकतीच वेणी घातल्यासारखा. वारा समोरून होता. वास मागून येत होता.

खड्ड्यात चाक आदळलं.

"हळू जरा. दणका बसायलाय."

बाईचा आवाज. दम लागलेला. रंगनाथच्या मानेवर काटा आला. आईचा आवाज त्याला आठवत नव्हता, त्यामुळं ओळखायचा प्रश्नच नव्हता. भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा संतापही आला. त्यानं वळून बघितलं नाही.

"धरून बसा," तो म्हणाला.

सदऱ्याला मागून मूठ बसली.

शेवटच्या वळणावर मांड्या भरून आल्या. हँडल थरथरू लागलं. मागून तिसऱ्याच कुणाची पावलं ऐकू यायला लागली, जाड वहाणांची, बेताची, सायकलीच्याच चालीनं. थांबला तर ती पावलं जवळ येणार होती.

पाय आपोआप पायडलवरून सुटला.

"उतरू नको," मागून आवाज आला. "आता न्हाई उतरायचं."

तो ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. पाय परत पायडलवर पडला.

माथा आला. वहाणा मागं राहिल्या. केलेला पण पूर्ण झाला होता. आता उतरायला हरकत नव्हती.

"दवाखाना अजून लांब हाय," ती म्हणाली.

त्यानं ब्रेक सोडला.

जिंतूरला पोचेपर्यंत उजाडत आलं. दवाखान्याच्या भिंतीला हात टेकून तो सायकलवरच थांबला. कंदील घेऊन दवाखान्यातली आया कमलबाई बाहेर आली. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. कॅरिअरकडं बघितलं.

"लय उशीर केलात," ती म्हणाली. "गडी माणसानं भाईरच बसायचं."

ती दार धरून बाजूला सरकली. पायऱ्या सावकाश चढणाऱ्या माणसाला जितका वेळ लागतो, तितका वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं आतून कडी घातली.

सायकल हलकी झाली होती. रंगनाथनं पाय टेकला आणि तो पायरीवर बसला.

थोड्या वेळानं आत कुणीतरी पाणी तापवायला स्टोला पंप मारू लागलं.