मॉक ड्रिलमधली किंकाळी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्या नवऱ्यावर बेतलंय, आणि बघायला अर्धं गाव उभं होतं.

गेल्या डिसेंबरातली गुरुवारची दुपार. भूतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटत असेल त्यांनी तर नक्की वाचावं. गावाचं नाव लिहीत नाही. गोंदिया जिल्ह्यातली एक छोटी नगरपंचायत आहे, एवढं पुरे.

मी प्राची. माहेर फुलचूरचं. नवरा उमेंद्र नगरपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात कामाला, पण जीव सगळा नाटकात. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. प्रत्येक नाटकात उमेंद्र मरायचाच. त्याची मरतानाची किंकाळी ऐकायला पार कामठ्याहून लोक यायचे. मी चिडवायची, की घरी तरी जिवंत माणसासारखा वाग.

त्या आठवड्यात कचऱ्याच्या गाडीवरून रोज भोंगा वाजत होता. नळ अमुक वेळेला येतील. अग्निशमनची नवी गाडी आली आहे. गुरुवारी बंद राईस मिलमध्ये आगीची मॉक ड्रिल आहे. आरडाओरडा ऐकू आला तरी घाबरू नये, दोरीच्या आत येऊ नये.

आत अडकलेला माणूस म्हणून उमेंद्रलाच घेतलं. दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. हा पठ्ठ्या तर चार दिवस आरशासमोर उभा होता.

मिलच्या मागे कोंडा साठवायची खोली. एकच दार, वर गजांची लहानशी खिडकी. उमेंद्र आम्हाला हात दाखवून आत गेला आणि दार ओढून घेतलं. बाहेर ओलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पेटवून धूर केला. आम्ही दोरीमागे शेंगा खात उभे होतो. जत्राच होती म्हणा ना.

मिलच्या छपरावर कायम कबुतरं बसलेली असायची.

त्या दुपारी एकही नव्हतं...

मग किंकाळी आली.

अशी किंकाळी त्याने कुठल्याच नाटकात मारली नव्हती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अभिमानच वाटला मला, खोटं कशाला बोलू. मी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या.

धप...

भरलेलं पोतं भिंतीवर आपटावं तसा आवाज.

पुन्हा किंकाळी. कुणीतरी शिट्टी मारली. 'वन्स मोअर' झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

धप... धप...

माझी सासू, कुंदाबाई, शेजारीच होती. तिच्या हातातला शेंगांचा पुडा खाली पडला.

"हा माहा पोट्टा नाही," ती म्हणाली.

मी हसले. म्हटलं, आई, आवाज तर त्यांचाच आहे.

"आवाज त्याचाच हाय. पण तो ओरडून नाही राहिला. काऊन हासून राहिली तू?"

आणि ती दोरीखालून आत घुसली. अग्निशमनचे भैयालालभाऊ तिला अडवायला धावले. अजून सायरन व्हायचा होता, तोवर कुणी जायचं नव्हतं. म्हातारी त्यांच्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. लोक आणखीच हसले. त्यांना वाटलं, आईपण नाटकात आहे.

ती दारावर डोकं आपटायला लागली.

आतून किंकाळी चालूच होती. एकच किंकाळी... श्वास न घेता... लांबत चाललेली. इतका वेळ कोणताच माणूस ओरडू शकत नाही.

टाळ्या हळूहळू थांबल्या.

टाळ्या थांबल्या, तशी किंकाळीही थांबली.

दाराला आतून कडी नव्हती. तरी ते उघडेना. भैयालालभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी सायरनची वाट पाहिली नाही, सरळ कुऱ्हाड घातली.

मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

उमेंद्र कोपऱ्यात मुडपून पडला होता. दोन्ही खांदे उखडलेले. उजव्या हाताची बोटं मागच्या बाजूला वळवून मोडलेली. पाठीची कातडी फाटून शर्टाला चिकटली होती. भिंतीवर रक्त होतं... पार छतापर्यंत. कोंड्यात पावलं फक्त त्याचीच होती.

जिवंत होता. देवाची कृपा म्हणायची की काय, मला अजून कळत नाही.

गोंदियाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बराच वेळ त्याच्या घशातून कोंडा काढत होते. ठासून भरला होता, आत खोलवर. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, असं कधी झालं? मी सांगितलं, तो ओरडत होता तेव्हाच, आम्ही सगळे ऐकत होतो.  ते म्हणाले, बाई, हा माणूस ओरडू शकतच नव्हता.

पोलीस आले. पंचनामा झाला. खोलीत दुसरं कुणी गेलंच नाही हे सांगणारं अर्धं गाव होतं. मग पकडणार कुणाला?

तीन महिन्यांनी तो बोलला. आवाज कसला, नुसती फुसफुस. आता एवढाच राहणार म्हणतात.

"अंधारात माह्या कानाशी तोंड आणून थो ओरडे," तो म्हणाला. "माह्याच आवाजात. मंग चूप होऊन आयकत राहे."

काय ऐकायचा, मी विचारलं. विचारायला नको होतं.

"टाळ्या. वाजल्या का मारे. जितक्या जोरानं वाजे, तितक्या जोरानं मारे."

मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पयली टाळी एकटीच होती," तो म्हणाला. "बांगड्या वाजल्या तिच्यात."

कुणाची होती, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिथे बायका काय कमी होत्या?

पण रोज झोपेत तो दचकून कण्हायला लागतो. जवळ घेऊन त्याच्या पाठीवर थोपटावं असं फार वाटतं.

माझा हात उचलत नाही.