वेचनीले गेलेले पेशंट

ऐक ना आरती, मधात बोलू नको, फक्त ऐक!

आपली डॉक्टर रश्मी अकोल्यात आमच्या मेडिकल कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहून मले तावातावानं सांगून राहिली होती, "डॉक्टर धम्मदीपचा तो पेपर आहे ना, जगभर गाजलेला... तो चुकला आहे!"

अन् मागून आवाज आला— "कुठं चुकला?"

ती वळली. हातात आलुबोंड्याची प्लेट घेऊन स्वतः धम्मदीप! अमरावतीचा हार्ट सर्जन, पस्तिशीचा, त्या दिवशी आमच्याकडे लेक्चर द्याले आला होता. रश्मीचे कान लालेलाल.

आता तो पेपर काय, सांगते. धम्मदीप पहिले हृदयाची खराब झडप बदलत नसे, तिलेच शिवून दुरुस्त करे. मंग त्यानं आपल्याच पेशंटची फेरतपासनी घेतली, अन् खरंखरं लिहून टाकलं— माझी रीत फसली, बहुतेकांले पुन्हा धाप लागते. आपलं अपयश असं उघडं कोन लिहिते, सांग! देशोदेशीच्या डॉक्टरांनी त्या पेपरचा दाखला देला, कित्येकांनी ती रीत सोडली. त्यानंही सोडली. अन् नाव झालं ते त्याच पेपरनं.

"फेरतपासनी कोनत्या महिन्यात घेतली, सर?" रश्मीनं विचारलं.

"डिसेंबरात. काऊन?"

"तवा सगळे कापूस वेचत असतात. जे धडधाकट ते वावरात. तुमच्याकडे आले ते... ज्यांच्यानं वेचनं होत नव्हतं तेवढेच."

आलुबोंडा तसाच हातात राहिला त्याच्या!

"न आलेल्यांले तुमी भेटल्या?"

"अकोटकडच्या तिघा-चौघांले, माझं गाव तिकडंच. ठणठणीत आहेत."

"दाखवा मले."

"कधी?"

"आत्ता!"

गेले ना दोघं! अकोटच्या पुढं एका वावरात मनकर्णाबाई कमरेले कापसाची ओटी बांधून झपझप वेचत होती. तिची झडप यानंच शिवली होती.

"मावशी, तपासनीले काऊन नाही आल्या?"

"अन् वेचनी कोन करन, तू? बरं मानूस दवाखान्यात जाते काय?"

त्यानं स्टेथो लावला, डोळे मिटले. उन्हात कापूस असा चमकून राहिला होता, अन् हा मानूस हलेच ना! मंग त्यानं स्टेथोच्या नळ्या हळूच रश्मीच्या कानात घातल्या. बोटं गालाले लागली... अन् तिले मनकर्णाबाईचे ठोके ऐकू येतात का स्वतःचे, काही समजेच ना!

"साफ आहे," तो पुटपुटला. "चांगली रीत मी सोडून देली. माझ्यामुळं दुसऱ्यांनीही."

मनकर्णाबाई मधातच, "डाक्टर, ही तुयी घरवाली काय? तुयाकडे पाह्यते तं पापनी हलत नाही हिची."

"नाही हो मावशी!" दोघंही एकदम!

पन परत आल्यावर त्याचा ना फोन ना भेट. नंतर त्यानं बाकीच्या पेशंटचे पत्ते धाडले, बस. रश्मी पातूरपर्यंत हिंडली, लोकांले भेटली, तपासन्या करवल्या. बहुतेक जन मस्त! हिचा चेहरा मात्र उतरलेला. म्हने, "त्याचं नाव मीच मोडून राहिली. तो आता माझं तोंडही पाहनार नाही."

मंग अमरावतीची परिषद. हिनं न आलेल्या पेशंटचे आकडे मांडले. एक म्हातारे डॉक्टर उठले, "पोरी, ज्या पेपरवर आमी इलाज बदलले, तो चूक म्हनून राहिली तू?"

पुढच्या रांगेतून धम्मदीप उभा राहिला. "चूकच आहे, सर. आलेल्यांले मोजलं, न आलेल्यांचा विचारच केला नाही मी. काल मी पुन्हा एक झडप शिवली. यापुढं माझा दाखला देऊ नका, यांचा द्या."

अशा टाळ्या पडल्या, आरती!

बाहेर संत्र्याच्या गाडीजवळ हिनं गाठलं त्याले. "मले वाटलं, रागावले."

"रागावलो ना... स्वतःवर. रोज फोन उचलत होतो, ठेवत होतो."

"मंग बोलले काऊन नाही?"

"लोक म्हनले असते, आकडे यानंच पढवले. तुमचं काम तुमच्याच पायावर उभं राह्याले पाहिजे होतं." गाडीवरचं एक संत्रं उगाच या हातातून त्या हातात. "एक विचारू? म्हंजे... माझ्याशी लग्न... नाही, आत्ता सांगू नका! तुमचा पेपर छापून आल्यावर सांगा. वर्षभर लागन. तवर कोनी तुमच्या कामाकडे बोट दाखवाले नको."

हिनं त्याच्या हातातलं संत्रं घेतलं, सोललं, एक फोड त्याच्या तळहातावर ठेवली.

"उत्तर आत्ताच घ्या, सर. हो! छापायचं तेवढं वर्षभरानं."

आता वर्षभर गप! मले सांगितलं, मी तुले सांगितलं... तू कोनाले सांगू नको बाप्पा! मले तं वाटते, मी तिथंच हॉलमध्ये पळत जाऊन माइक धरला असता अन् सगळ्यांले सांगून टाकलं असतं. खरं सांग आरती, तू असती तं काय केलं असतं?