सात नंबरच्या बंगलीसमोरचा माड

मेरेसेइनीच्या घरातला दिवा विझला का, बघून या कुणीतरी. विझला? मग सांगतो. तिच्या कानावर मात्र यातलं अक्षर जाता कामा नये.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, दुसरा शुक्रवार. तिचा नवरा ऐसेआ तेव्हा पलीकडच्या खाडीतल्या रिसॉर्टवर कामाला होता. ते रिसॉर्ट तुम्ही होडीतून पाहिलंय. जंगलात लपलेल्या लाकडी बंगल्या, पेयात बांबूच्या नळ्या, आणि वाटेवर जागोजागी पाट्या, की इथे निसर्गाला धक्का लावू नये. दुपारी माझा पुतण्या केलेपी तिथे दालोचे कंद पोचवायला गेला. त्याच्याजवळ एक काड्यापेटी होती.

"घे, तुझ्या पोराची नाळ," तो ऐसेआला म्हणाला. "सकाळी गळली. बायकोचा निरोप आहे, बापानंच येऊन पुरायची आणि वर माड लावायचा. तू तर अजून पोराचं तोंडही पाहिलं नाहीस. कसला बाप रे तू?"

पोर नऊ दिवसांचं झालं होतं आणि ऐसेआला रजा मिळत नव्हती. त्यानं काड्यापेटी उघडून कापसातला तो सुकलेला तुकडा पाहिला. त्याचे डोळे भरून आले, असं केलेपी सांगतो.

"उद्या येतोच," तो म्हणाला. "मॅनेजर दोन दिवस सोडतोय. रात्री एक काम उरकलं की मोकळा."

"कसलं काम?"

"सात नंबरसमोरचा माड तोडायचाय. उद्या पाहुणे येतायत, त्यांना समुद्र दिसत नाही म्हणे."

केलेपीचं हसू मावळलं. मॅनेजर परदेशी, त्याच्या लेखी माड म्हणजे माड. या दोघांना मात्र ठाऊक होतं, की तो विलीमोनेचा माड आहे. उनाइसीचा एकुलता एक मुलगा विलीमोने तीन वर्षांपूर्वी समुद्रकाकड्या काढायला पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. पुरायला देहसुद्धा मिळाला नाही. त्याच्या अंगातलं जमिनीत उरलं होतं ते एवढंच, त्या माडाखाली पुरलेली नाळ. दर रविवारी चर्च सुटलं की उनाइसी तिथे जायची आणि बुंध्याला पाठ टेकून बसायची.

"उनाइसीला विचारलंस?" केलेपीनं विचारलं.

"विचारलं तर नाही म्हणेल."

रीत अशी, की यांगोनाच्या मुळांची जुडी भेट घेऊन त्या म्हातारीपुढे मांडी घालून बसायचं आणि मान खाली घालून विचारायचं. ऐसेआनं ते टाळलं. पोराला बघायची घाई झाली होती त्याला. मी असतो तर वेगळं केलं असतं, असं छातीठोकपणे सांगवत नाही मला.

केलेपीनं मग थट्टेवर नेलं. विलीमोने नाकात बोलायचा, तसाच आवाज काढून तो म्हणाला, "मेहुण्या, माझं झाड कुठंय?" आणि अंगठ्याशेजारचं बोट मुडपून हात नाचवला. खोबरं काढताना कोयत्यानं विलीमोनेचं ते बोट गेलं होतं, उजव्या हाताचं. "रात्री येईल बघ विचारायला."

"येऊ दे. मेहुणा आहे माझा, खाणार आहे का?"

आपल्यात आतेभाऊ-मामेभाऊ म्हणजे मेहुणेच, आणि त्यांचं कसं असतं, तुम्हाला सांगायला नको. एकमेकांची टोपी उडवायची, आणि एकानं मागितलं तर दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. लहानपणापासून जीभ तशी वळलेली असते.

अंधार पडल्यावर ऐसेआ कामाला लागला. मशीनच्या करवतीनं पाहुण्यांची झोपमोड होते, म्हणून कुऱ्हाड. दहाच्या सुमारास माड पडला. काड्यापेटी त्यानं गुंडाळलेल्या सुलूच्या कमरेला घट्ट खोचली आणि खोलीकडे निघाला. जंगलातून दहा मिनिटांची वाट. साडेदहाला वाटेवरचे दिवे आपोआप गेले. कासवांना त्रास नको म्हणून तिथे तसा नियमच आहे.

चंद्र नव्हता. पाय वाट ओळखत होते.

मागून पावलं आली. ओली. कुणीतरी पाण्यातून उठून आल्यासारखी.

"मेहुण्या..." नाकातला आवाज. "माझं झाड कुठंय?"

केलेपी रात्री रिसॉर्टवरच थांबणार होता. ऐसेआला वाटलं, आला हा पुन्हा छळायला. त्यानं वळूनही पाहिलं नाही. हसत म्हणाला, "तोडलं. हवं तर माझ्या पोराचं घे."

मागून कुणी हसलं नाही.

"घेतलं."

एवढंच.

ऐसेआ थांबला. पावलंही थांबली. झाडांच्या फटीतून खाली खाडी दिसत होती... पाण्यावर एक कंदील होता. होडीत बसून कुणीतरी गळ टाकून गात होतं.

तो आवाज केलेपीचा होता.

ऐसेआनं कमरेला हात लावला. काड्यापेटी जागेवर होती. मग तो पळाला.

सकाळी केलेपीनं काड्यापेटी उघडली. ऐसेआ तिला हात लावायला तयार नव्हता. आतला कापूस चिंब ओला होता. नाळ नव्हती.

दोघे सात नंबरकडे धावले. तोडलेल्या बुंध्याला लागून कोंब फुटलेला नारळ लावलेला होता. भोवतालची माती हातानं थोपटून बसवली होती. ओल्या मातीत पंजाचे ठसे होते. अंगठा. मग रिकामी जागा. मग तीन बोटं.

ऐसेआनं कोंबाला हात घातला तसं केलेपीनं त्याचं मनगट धरलं.

"उपटू नकोस."

"माझ्या पोराची..."

"म्हणून तर. लागलेली नाळ उपटतात का?"

ऐसेआ तिथेच बसून रडला. मग होडीत बसून घरी आला. मेरेसेइनीच्या देखत त्यानं अंगणात रिकामी काड्यापेटी पुरली आणि वर नारळ लावला. वर्ष होऊन गेलं, त्याला पान नाही. ती अजून रोज पाणी घालते. सात नंबरसमोरचा कोंब आता माझ्या खांद्याएवढा झालाय. उनाइसी रविवारी त्याच्यापाशी जाऊन बसते. कुणी लावला, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

परवा ते पोर माझ्या मांडीवर होतं. मी होडीचा दोर त्याच्या उजव्या हातात दिला. अंगठा वळला. तीन बोटं वळली. अंगठ्याशेजारचं बोट ताठच राहिलं. तावेउनी बेटावरचे डॉक्टर म्हणतात, हाड ठीक आहे, शीर ठीक आहे. बापानं त्याला जन्मापासून एकदाही समुद्रावर नेलेलं नाही. पाण्याजवळसुद्धा नाही.

मला माया आली. मी ते बोट ओठांशी नेलं.

गार होतं... आणि खारट.