कुसवड्याचा न पडलेला डोंगर

मूळश्रवण केंद्राच्या पडद्यावर लाल रेघ चढली, तेव्हा डॉ. मृणालिनी केंकरे यांना भीतीच्या आधी कंटाळा आला. पाच वर्षांतला हा पाचवा इशारा. आधीचे चारही खोटे ठरले होते, आणि हाही खोटा ठरला तर केंद्राला टाळं लागणार, असं वरून कळवून झालं होतं.

यंत्राचं तत्त्व साधं होतं. झाडांची मुळं डोंगराची माती धरून ठेवतात. उतार सरकू लागला की मुळांचे तंतू तुटतात आणि तो बारीक आवाज जमिनीत रोवलेले श्रवणखिळे टिपतात. दरड कोसळण्याच्या दोन दिवस आधी तो दसपट होतो. हे तत्त्व प्रयोगशाळेत कधी चुकलं नव्हतं. चुकायचं ते फक्त कुसवड्यात. दर वेळी बाई गाव हलवायच्या, माणसं आश्रमशाळेत चार दिवस खिचडी खाऊन परत यायची, आणि डोंगर जागच्या जागी. गावाने त्यांचं नावच 'दरडबाई' पाडलं होतं.

या खेपेला त्यांचे सहकारी, भूजलतज्ज्ञ शिरगुप्पे यांनी आधीच्या चारही इशाऱ्यांच्या वेळचे भूजलाचे आलेख एकावर एक ठेवले. गाव रिकामं होताच उतारातलं पाणी झपाट्याने ओसरलं होतं, तेही भर पावसात. शिरगुप्पेंना कारण कळेना. बाईंना कळलं. राखायला माणूस नसताना भातखाचरात पाणी कोंडून ठेवायचं नाही, बांध फुटून खालच्याचं शेत वाहून जातं, ही कुसवड्याची रीत. निघण्याआधी जो तो आपला बांध कापून पाणी ओढ्याला लावायचा. डोंगरात मुरणारं पाणी गावाबरोबरच निघून जायचं.

"म्हणजे इशारे खरेच होते," शिरगुप्पे म्हणाले. "इशारा दिला म्हणून डोंगर पडला नाही."

"आणि पडला नाही म्हणून इशारा खोटा."

शिरगुप्पेंनी आलेख बाजूला सारले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, या वेळी माणसं हलवू, पण बांध कापू द्यायचे नाहीत. एकदा पडू दे. घरं जातील, माणसं वाचतील. केंद्र राहिलं तर अशी आणखी चाळीस गावं वाचतील."

हिशेब बिनचूक होता. बाईंना त्याचाच राग आला. बावीस घरांच्या चुली त्यांनी पाहिल्या होत्या.

बाई कुसवड्यात गेल्या. पोलीसपाटील सखाराम गोणबरे यांनी आधीच सांगून टाकलं, की यंदा कोणी हलणार नाही. बाईंनी हलायला सांगितलंच नाही. फक्त बांध कापा, पाणी उतरलं की डोंगर थांबेल, म्हणाल्या. कालच खत टाकलंय, सगळं वाहून जाईल, म्हणून गोणबरे कुरकुरले.

"जाईल," बाई म्हणाल्या. "तरी कापा."

"घरं सोडायची नाय ना? मंग कापतो."

संध्याकाळपर्यंत खाचरं रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी मुळं गप्प झाली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि बाईंनी अहवालात पाचव्यांदा 'खोटा' लिहिलं.  दरड पडली नाही, तर नियमाप्रमाणे दुसरा शब्दच नव्हता.

केंद्राचं सामान टेम्पोत चढत असताना गोणबरे आले. बाईंनी त्यांना पाण्याची सगळी गोष्ट पुन्हा समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"बाई, तुमच्यावर राग नाय," ते म्हणाले. "पन खत गेलं, भात पिवळा पडला. काल गावकीत ठराव झाला. कुनी कितीबी सांगू दे, पुन्हा बांध कापायचा नाय."

बाईंनी डोंगराकडे पाहिलं. तो हिरवागार, धडधाकट उभा होता. त्यांच्याकडे दाखवायला तेवढाच पुरावा होता.