चार इंच बर्फाची अफवा

"हे तुम्हाला पटणार नाही," आप्पा ओगले म्हणाले, "आणि पटलंच, तर मला तुमच्या अकलेची काळजी वाटेल."

चांद्रतळावरच्या हरितगृहात तिघे बसले होते. फैयाज मुजावर मिरजेचा. मेथीची वाफ्यातली रोपं त्याच्या ताब्यात होती. यामिनी सासवडकर प्राणवायूची यंत्रं सांभाळायची. आणि एक्क्याऐंशी वर्षांचे डॉ. त्र्यंबक ओगले ऊर्फ आप्पा तळावर नक्की काय करतात, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर ते म्हणत, "गुडघे सांभाळतो. इथं वजन सहापट कमी."

मुजावरनं सहज विचारलं होतं, "आप्पा, पृथ्वी सोडून या वयात इथं कशाला आलात?"

"हवामानाला कंटाळून. हवामानाला म्हणजे, हवामानावरच्या बडबडीला. मी चार वर्षं इंग्लंडात काढली आहेत, मुजावर. थॉर्नवेल नावाचं गाव, वस्ती तीस हजार. त्या गावात मराठी माणूस मी एकटा. सकाळी घराबाहेर पडलं की पहिला भेटणारा म्हणायचा, 'आज जरा गारठा आहे, नाही का?' दुसरा म्हणायचा, 'आहे खरा.' झालं! दोघंही कृतार्थ होऊन आपापल्या वाटेनं जायचे. एप्रिलात 'वसंत यंदा लवकर आला, नाही का?', ऑक्टोबरात 'पानं यंदा उशिरा गळतायत, नाही का?' या लोकांनी अर्ध्या जगावर राज्य केलं म्हणे. मला तर वाटतं, आभाळ बदलून बघायला बाहेर पडले असतील."

"बरोबर आहे," मुजावर म्हणाला. तो आप्पांच्या प्रत्येक वाक्याला 'बरोबर आहे' म्हणायचा.

"आणि त्यात एक नियम. समोरच्यानं हवेबद्दल काही म्हटलं की आपण हो म्हणायचं. माझ्या घरमालकीण मिसेस अ‍ॅटरबरी, वय चौऱ्याऐंशी, त्यांना मी पहिल्याच दिवशी म्हणालो, 'छे, गारठा कसला? नागपूरला डिसेंबरात याहून थंडी असते.' बाईंनी कप खाली ठेवला. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी जणू त्यांच्या दिवंगत यजमानांना शिवी दिली होती!"

यामिनी हसली. "मग तुम्ही शिकलात?"

"मी? हो म्हणायला? या जन्मात नाही."

आप्पा तिथं गेले होते ते एका यंत्राची तपासणी करायला. यंत्राचं नाव ऋतुकर्ण. पाऊस अमुक गल्लीत पडेल की पलीकडच्या, हे उपग्रहांना सांगता येत नव्हतं. थॉर्नवेलच्या हवामानशाळेच्या संचालिका डॉ. हेलन ग्रिमशॉ यांनी त्यावर तोड काढली. गावातल्या प्रत्येक बसथांब्यावर, दुकानात, पबमध्ये एकेक ध्वनिवेधक बसवला. लोक हवेबद्दल जे काही बोलतील ते ऋतुकर्ण ऐकायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा.

"मी ग्रिमशॉबाईंना विचारलं," आप्पा सांगू लागले, "की बाई, या गप्पांना तुम्ही विज्ञान म्हणता? त्या म्हणाल्या, 'डॉ. ओगले, माणसाची कातडी हे उत्तम उपकरण आहे. आमच्याकडे अशी तीस हजार उपकरणं आहेत, आणि ती दर दहा मिनिटांनी आपणहून नोंद देतात. एकटा माणूस चुकतो. पण एकाला जास्त गार वाटतं, दुसऱ्याला कमी. सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात, खरं तेवढं उरतं.'"

"पटतं की," यामिनी म्हणाली. "गर्दीला बरणीतल्या गोळ्यांचा अंदाज करायला सांगितला तर सरासरी जवळपास बरोबर येते."

"येते ना! पण केव्हा? प्रत्येकानं आपापल्या डोक्यानं अंदाज केला तर. एकानं दुसऱ्याचं ऐकून सांगितलं, की चुका एकमेकींना खात नाहीत, पोसतात. आणि इथं तर दुसऱ्याचं ऐकून हो म्हणणं हाच शिष्टाचार! ही तीस हजार उपकरणं नव्हती, यामिनी. एक उपकरण आणि एकोणतीस हजार नऊशे नव्व्याण्णव मुंड्या."

"मग तीन-चार वर्षं ते चाललं कसं?"

"चांगला प्रश्न. कारण गारठा, पाऊस, ऊन या गोष्टी कातडीला कळतात. उगाच हो म्हटलं तरी पुढच्या थांब्यावर पोचेपर्यंत कातडी खरं सांगते. पण उद्याची गोष्ट कातडीला कळत नाही. आणि उद्याची अशी एकच गोष्ट आहे, जिच्यासाठी सगळा देश जीव टाकतो. बर्फ! नाताळच्या सुमाराला बर्फ पडावा म्हणून शाळामास्तरांपासून पाद्र्यांपर्यंत सगळे खिडकीला नाक लावून बसतात. पडतो किती? दोन इंच. दोन इंच पडला की गाड्या बंद, शाळा बंद, देश बंद. ज्याच्यानं आपला देश बंद पडतो त्याचीच वाट बघणारी जात मी दुसरी पाहिली नाही."

"बरोबर आहे," मुजावर म्हणाला.

"मी अहवालात हे सगळं लिहिलं. ज्या चुकीची सगळ्यांनाच आशा आहे, ती चूक या यंत्राला पकडता येणार नाही, असं ठळक अक्षरांत. ग्रिमशॉबाई म्हणाल्या, 'तुमचं निरीक्षण फारच रोचक आहे.' त्यांच्याकडे कागद खणात टाकण्यापूर्वी असं म्हणायची पद्धत आहे."

आता आप्पांनी आवाज खाली आणला. गावाबाहेर एक उष्णकोठार होतं: टेकडीएवढी वाळू, उन्हाळाभर सौरविजेनं तापवलेली. हिवाळ्यात तीच ऊब नळांतून घरोघरी जायची. वर्षाला साठा एकच. ऋतुकर्णानं बर्फाचा इशारा दिला की कोठाराच्या झडपा पूर्ण उघडायच्या, आणि तशा उघड्या राहिल्या तर नऊ दिवसांत वाळू थंड. मग जानेवारी आणि फेब्रुवारी कुडकुडत काढायचे. झडपांना माणसाचा हात लावायची सोयच ठेवली नव्हती. कारण माणसं चुकतात.

"सोमवार, सतरा डिसेंबर. सकाळी बर्फाचं बोलणं सुरू झालं. दुपारपर्यंत बाजारात, संध्याकाळी पबमध्ये. 'बर्फ येणार म्हणतात, नाही का?' 'येणारसं वाटतंय खरं.' मंगळवारी सकाळी सहा वाजता ऋतुकर्णानं इशारा दिला आणि झडपा उघडल्या. बाहेर तापमापक सात अंश दाखवत होता. पण तापमापकाचं मत एक, आणि माणसांची तीस हजार!"

"आणि बर्फ पडला नाही, तेव्हा?" यामिनीनं विचारलं.

"बुधवारी दुपारचे तीन वाजून गेले. आभाळ राखेसारखं, बर्फाचा पत्ता नाही. तुला वाटेल, आता तरी शहाणे होतील. छे! म्हणाले, 'जरा उशीर होतोय, नाही का?' 'हो, रात्री येईल.' ऋतुकर्णानं इशारा गुरुवारवर ढकलला. झडपा उघड्याच. घराघरांत लोक खिडक्या उघडून, शर्टाच्या बाह्या वर करून बर्फाची वाट बघतायत!"

"आणि मिसेस अ‍ॅटरबरी?"

"बाईंची फुप्फुसं कामातून गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, घर सोळा अंशांखाली गेलं तर हा हिवाळा निघणार नाही. आणि ती बाई खिडकीत खुर्ची टाकून मला म्हणते, 'डॉ. ओगले, यंदा बर्फ बघायला मिळणार, नाही का?' तिची ऊब तिच्याच डोळ्यांदेखत खिडकीतून बाहेर चालली होती."

मुजावरनं मेथीवरचा हात काढला. "मग काय केलंत?"

"विचार केला. बोलण्याची साखळी होती. तोडायला नाही म्हणणारा माणूस हवा. साखळीतल्या दर तिसऱ्या माणसाला कोणी तोंडावर नाही म्हटलं, तर ती पुढे सरकत नाही, विझते. पण त्या देशात हवेबद्दल नाही म्हणणारा आणायचा कुठून? मी शेजारच्या शहरातल्या मराठी मंडळाला फोन लावला."

यामिनीला हसू आवरेना.

"हसू नकोस. बेचाळीस सभासद. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करायची बैठक तीन वर्षं चालू होती, कारण कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. मी त्यांच्या अध्यक्षांना, कमलाकर घैसासांना म्हटलं, 'घैसास, तुम्ही लोकांनी यावं असं मला मुळीच वाटत नाही.' म्हणाले, 'का येऊ नये? येणारच!' गुरुवारी सकाळी सहाला बस भरून हजर. एकेका थांब्यावर एकेकाला उभा केला. गोरा माणूस यायचा, 'बर्फ येणारसं दिसतंय, नाही का?' आमच्या घैसासवहिनी फाडकन, 'छे! कुठला बर्फ? डोळे तपासून घ्या!' माणूस पांढराफटक. पुढच्या थांब्यावर गेला तर तिथं गोगटे. तिसऱ्यावर सबनीस, आणि सबनीस तर पुराव्यासकट बोलायचे. दुपारपर्यंत सगळं गाव मुकं झालं! कोणी हवेचं नावही काढेना. ऋतुकर्णाला ऐकायला काही उरलं नाही, चार वाजता इशारा रद्द, झडपा बंद."

"साठा पुरला?"

"मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांपर्यंत पुरला. ते तीन दिवस मिसेस अ‍ॅटरबरींनी माझी गोधडी पांघरून काढले. वाचली बाई! नगरपालिकेनं मला पदक देऊ केलं. मी म्हटलं, तुमचं पदक ठेवा. मला अशा जागी जायचंय जिथं हवाच नाही, म्हणजे हवेबद्दल बोलणारेही नाहीत. आलो इथं."

"बरोबर आहे!" मुजावरनं टाळी वाजवली.

यामिनीनं टाळी वाजवली नाही. "पण आप्पा, हे सुरू कोणी केलं? पहिलं वाक्य कोणाचं?"

"ते सापडलं ना! ऋतुकर्ण प्रत्येक वाक्य वेळ आणि ठिकाणासकट जपून ठेवतो. नाव तेवढं ठेवत नाही." आप्पांना तपशिलाचा भारी अभिमान. "सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटं, मिल लेनचा थांबा, पुरुषाचा आवाज. वाक्य मला तोंडपाठ आहे. 'बुधवारी दुपारी तीनला बर्फ पडणार, चार इंच.'"

हरितगृहात पंखा फिरत होता. यामिनीनं ते वाक्य स्वतःशीच पुटपुटून पाहिलं.

"वार सांगितला," ती म्हणाली. "वेळ सांगितली. इंच सांगितले. आणि विचारलं नाही काहीच."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्धा तास तुम्ही आम्हाला सांगताय की तिथला माणूस हवेबद्दल छातीठोक काही बोलत नाही, तो नुसतं विचारतो आणि होकाराची वाट बघतो. मग हा छातीठोक बोलणारा तिथला कसा असेल? गावात बाहेरचा असा..."

"बरोबर आहे," मुजावर सवयीनं म्हणाला, आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अहवाल खणात गेला," यामिनी म्हणाली. "कोणी वाचला नाही."

आप्पांनी काचेच्या घुमटाकडे पाहिलं. बाहेर करडी धूळ, आणि गेले सहा दिवस एकसारखं पडलेलं, अजून आठ दिवस तसंच पडणार असलेलं ऊन.

"आज ऊन बरं पडलंय," ते म्हणाले, "नाही का?"

"हो आप्पा, चांगलंच..." मुजावरनं सुरुवात केली.

"छे!" यामिनी कडाडली. "मुजावर, तू गप्प बस. आणि आप्पा, खोटं बोलू नका! अहवाल कोणी वाचला नाही म्हणून त्या म्हातारीच्या उबेवर प्रयोग केलात. बर्फाची वावडी तुमचीच, आणि पदकबिदक काही नव्हतं. तुम्हाला तिथून हाकललं, म्हणून तुम्ही इथं आलात!"