काट्याची डावी बाजू

माझं घर एका जुन्या डिझेल पिकअपच्या हौद्यावर बसवलेलं आहे. पत्र्याच्या त्या खोलीत एक पलंग, छोटा ओटा, त्याहून छोटा फ्रिज, पंखा आणि वाचायला एक पांढरा दिवा. याला कॅम्पर म्हणतात. वहिनी डबा म्हणते. "डब्यात राहायला जाणार का वन्सं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, झाकण माझ्या हातात असलं म्हणजे झालं.

या खोलीची स्वतःची बॅटरी आहे, पलंगाखाली. गाडीचं इंजिन फिरलं की आल्टरनेटर वीज तयार करतो. पुढच्या बॅटरीचं पोट भरून उरेल ते जाड केबलमधून मागे येतं. म्हणजे मी जेवढी फिरणार तेवढा माझा फ्रिज गार. ही केबल मी स्वतः ओढली. आईच्या उशाशी जागताना मोबाइलवर बघून बघून शिकले. पहिल्यांदा फ्यूज उडाला, दुसऱ्यांदा भुवया थोडक्यात वाचल्या. तिसऱ्यांदा पंखा फिरला आणि मी त्याच्याखाली बसून एकटीच हसले.

स्टिअरिंगशेजारी मी एक काट्याचा मीटर बसवलाय. मधोमध शून्य. काटा उजवीकडे म्हणजे मागची बॅटरी भरतेय, डावीकडे म्हणजे कोणीतरी उपसतंय. आकडेवाला मीटरही मिळत होता, पण आकडा सरळ तोंडावर खोटं बोलतो. काटा निदान थरथरतो.

केबल ओढण्याआधी गाडी कित्येक महिने दादाच्या अंगणात उभी होती. तेव्हा मागची बॅटरी मी घरच्या विजेवर भरायची. स्वयंपाकघरातल्या प्लगातून नारिंगी एक्स्टेन्शन वायर खिडकीबाहेर, आणि तिचं टोक कॅम्परच्या बाजूच्या सॉकेटात. निघाले त्या दिवशी ते टोक उपटलं, अंगणात टाकलं आणि निघाले. गुंडाळायला वेळ नव्हता. दादा अंघोळीला गेला होता, आणि तो बाहेर यायच्या आत मला फाटकाबाहेर पडायचं होतं.

काही आठवडे अगदी मजेत गेले. मग दादाचे फोन सुरू झाले.

"चिमे, कधी येतेस?"

पन्नाशी उलटली तरी मी चिमीच.

"दादा, मी फिरायला नाही आलेले. मी गेलेय."

"तेच ते. वहिनीचे गुडघे धरलेत. तुझ्याशिवाय घर चालत नाही गं."

त्या घरात मी आधी बाबांचं केलं, मग आईचं. आता पुढची पाळी कोणाची, ते मला स्पष्ट दिसत होतं. एकदा आत जाऊन बसले की पुन्हा उठणं नाही, हेही दिसत होतं. तरी एका सकाळी मी तिकडे निघाले. घराची किल्ली माझ्याकडे राहिली होती, ती परत करायची होती. आणि नकार तोंडावर द्यायचा होता. फोनवरच्या नकाराला आमच्या घरात कोणी नकार धरत नाही.

मोठ्या रस्त्याला लागून घराच्या दिशेने वळले आणि काटा शून्यावर आला. मग डावीकडे कलला. इंजिन तर चालू होतं. थांबले, आल्टरनेटरचा पट्टा पाहिला, फ्यूज पाहिला, सगळे जोड हलवून पाहिले. दोष सापडेना, म्हणून मागे टाकलेल्या गॅरेजकडे परत फिरले. फिरताक्षणी काटा उजवीकडे गेला.

गॅरेजमधल्या चष्मेवाल्या मिस्त्रीने माझं म्हणणं ऐकून घेतलं. बाई बोलतेय म्हणून नुसती मान हलवली नाही, एवढं श्रेय त्याला देते. "चला, एक चक्कर मारू," म्हणाला. तोच रस्ता, तोच वेग. घरापासून लांब जाताना काटा उजवीकडे. घराकडे तोंड केलं की डावीकडे. त्याने मला पुन्हा वळायला लावलं. मग स्वतःचा मीटर घेऊन मागे केबलशी बसला आणि मला आणखी एकदा वळायला लावलं. खाली उतरल्यावर तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"बाई, त्या बाजूला काय आहे?"

"माझ्या भावाचं घर."

"मग नका जाऊ."

"जाणार."

"मागची बॅटरी तरी सोडवून ठेवा. गॅरेजात राहू दे."

"का म्हणून? माझी बॅटरी आहे. मी भरलीय."

 मी निघाल्यावर तो रस्त्यापर्यंत चालत आला आणि उभा राहिला.

काटा डावीकडे टेकला तो तसाच राहिला. फ्रिजची घरघर थांबली. पंखा थांबला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवला तर बोकडाला सर्दी झाल्यासारखा आवाज आला. दादाचं घर चढावर आहे. मिस्त्रीचा चेहरा आठवून मी गाडी वळवली, उताराकडे तोंड करून फाटकाशी लावली आणि मगच इंजिन बंद केलं. चावी परत फिरवून पाहिली. साधं टक्कसुद्धा झालं नाही.

भर दुपार होती. गल्लीतली वीज गेली होती. शेजारपाजारचे सगळे पायऱ्यांवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते.

आमच्या स्वयंपाकघरात उजेड होता.

नारिंगी वायर खिडकीतून बाहेर आली होती. तिचं टोक अंगणात, माझी गाडी उभी असायची नेमक्या त्या जागी पडलं होतं.

"ही गुंडाळून ठेवायची ना गं, वहिनी. कोणी अडखळून पडेल."

"ठेवते की." ती माझ्याकडे बघत नव्हती. "रोज ठेवते, वन्सं."

"आणि आतला दिवा?"

"तो विझत नाही," दादा म्हणाला.

"मग बल्ब काढायचा."

"काढलाय."

मी आत गेले. बल्ब ओट्यावर एका वाटीत ठेवलेला होता. वरच्या होल्डरमध्ये काही नव्हतं. तरी ओट्यापुढे, जिथे मी सगळा जन्म उभी राहिले त्या फरशीवर, नेहमीचा पिवळा उजेड पडला होता.

"बस ना थोडी," दादा म्हणाला आणि त्याने स्टूल ओढलं.

 त्या उजेडात ऊब होती, ओळखीची, ताप उतरल्यावर येते तशी. माझ्या हातात फडकं होतं. ते मी कधी उचललं, कळलं नाही. मी ओटा पुसत होते.

अर्धा पुसून झाला होता.

फडकं ठेवलं. त्याच्यावर किल्ली ठेवली.

"मी राहणार नाही," मी म्हटलं. "आज नाही आणि नंतरही नाही. वहिनीचे गुडघे डॉक्टरला दाखव, कामाला बाई ठेव, स्वतः पोळ्या लाटायला शीक. मी केलं तेवढं पुरे झालं."

हे मी दादाला सांगत होते, पण बघत होते होल्डरकडे. दादाने मान खाली घातली. उजेड किंचित वाढला.

मी बाहेर गेले, वायर कोपर-अंगठ्यावरून गुंडाळली, आत येऊन प्लग उपटला, वेटोळं कपाटात टाकून कडी लावली. मग गाडीत बसले.

"दादा, ढकल!"

तो जागचा हलेना. क्षणभर वाटलं, हा नाही ढकलायचा. मग तो आला. पाठोपाठ गुडघे धरलेली वहिनीसुद्धा आली, पदर खोचून. दोघांनी खांदे लावले. गाडी उताराला लागली, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, इंजिनाने एक आचका दिला आणि धरलं. काटा उजवीकडे आपटला. आरशात ते दोघं धापा टाकत उभे होते, आणि दादाने हात वर केला होता.

दिवस कलेपर्यंत मी थांबले नाही. एका मोकळ्या माळावर खडीच्या रस्त्याकडेला गाडी घेतली. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"चिमे, दिवा विझला गं." कित्येक वर्षांत त्याचा आवाज असा हलका ऐकला नव्हता. "वायर नेलीस ते बरं केलंस. वहिनीला तिची फार भीती वाटायची."

"कुठली वायर?"

"नारिंगी. कपाटात नाहीये."

कपाटाची कडी मी स्वतः लावली होती.

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडेच आहे. तू जेव आता."

इंजिन बंद केलं. आता काटा शून्यावर यायला हवा.

तो उजवीकडेच राहिला.

बॅटरी भरत होती. संथपणे, अंगणात भरायची तशी.

खाली उतरून बाजूचं सॉकेट बघता आलं असतं. मी उतरले नाही. घाबरून नाही. बघायला खाली उतरले, की मागे वळल्यासारखं होईल, म्हणून.

"ऐक," मी समोर बघत म्हटलं. "यायचंच असेल तर ये. पण मी जाईन तिकडे यायचं. गाडी मी चालवते."

चावी फिरवली. गाडी हलली. मागे खडीवर काहीतरी ताणलं गेलं, जरा अडलं, आणि मग मुकाट्याने सरपटत येऊ लागलं.

आरशात पाहिलं तेव्हा कॅम्परच्या खिडकीतून रस्त्यावर पिवळा उजेड पडला होता.

माझा दिवा पांढरा आहे.